झुडपी रानाचे धनी

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाकडच्या माळांवर गवळाऊ गाई जिथे चरतात, त्यातल्या बऱ्याच जमिनीची महसुली नोंद 'झुडपी जंगल' अशी आहे. मुरमाड, उथळ मातीची, बोरी-पळसाची जमीन. नांगराच्या कामाची नाही. जुन्या मध्यप्रांतात ती गावाच्या निस्तारासाठी धरली जायची. म्हणजे चराई, जळण, कुंपणाच्या काट्या. १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यात आला आणि ही नोंद त्रिशंकू झाली. महसूल खातं म्हणे पडीक, वनखातं म्हणे वन. मधल्या काळात तिच्यावर घरं झाली, शाळा झाल्या, अतिक्रमणंही झाली.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ही सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनच आहे, असा निर्वाळा दिला. मला तो मनापासून पटला. 'पडीक' म्हटलेली जमीन कुणाच्याही घशात घालता येते. पण जमीन वाचली म्हणजे तिच्यावरचं गवत वाचलं, असं होत नाही. गवत राखायला रोज तिथे फिरणारा माणूस लागतो, आणि आपल्याकडच्या वनरक्षणात त्या माणसाच्या वाट्याला आजवर बहुतेक दंडाची पावतीच आली आहे.

याच जिल्ह्यातलं बोर अभयारण्य १९७० चं, व्याघ्र प्रकल्प २०१४ चा. वाघाला निवांत जागा हवी, हे मी मान्य करतो. मात्र आतली चराई बंद झाली की तो भार बाहेरच्या झुडपी रानावर येतो. त्यात शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि कडबा आटला. अशा वेळी गुरं राखणाऱ्या नंदा गवळी समाजातल्या कुणी जनावरं विकली, तर त्याला दोष कसा द्यायचा? जमनालाल बजाजांनी अखेरचे महिने ज्या गोसेवेला दिले, तिच्या जिल्ह्यातली ही गत आहे.

सामाईक कुरण माणसं ओरबाडूनच टाकतात, असं पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनने १९६८ साली मांडलं आणि सरकारी मनाला ते फार सोयीचं वाटलं. एलिनॉर ऑस्ट्रॉमने जगभरची कुरणं, पाटपाणी, मासेमारी तपासून दाखवलं की वापरणाऱ्यांनीच नियम केले, राखणही त्यांनीच केली, तर सामाईक साधनं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वर्ध्याला हे नवं वाटू नये. १९३४ पासून मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा टिकाऊ अर्थव्यवस्थेचाच विचार करत होते.

कायदाही आड येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्तार आहे, चराई आहे, सामूहिक वन राखण्याचा अधिकारही आहे. अडचण पुराव्याची आहे. जे आदिवासी नाहीत त्यांना पंचाहत्तर वर्षांची वहिवाट दाखवावी लागते, आणि गुरांमागे चालणाऱ्याच्या वहिवाटीचा कागद सहसा नसतोच. म्हणून तहसीलच्या दप्तरातली जुनी निस्तारपत्रकं गावांना द्या, असं मी आग्रहाने म्हणतो. मग कुठलं कुरण आषाढात बंद ठेवायचं, कुठलं कापून न्यायचं, बाहेरगावच्या मेंढ्यांना किती दिवस थारा द्यायचा, हे ग्रामसभेत ठरू दे. त्या बैठकीला वनरक्षकाने यावं, वाघ कुठे फिरतो आहे ते सांगावं, आणि गवळ्यांचं ऐकूनही घ्यावं.