आचारी आणि आचार्य

आमच्या अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे रविवारी भरतात. आठवडाभर कुणी दुकान सांभाळलेले असते, कुणी सातपूरच्या कारखान्यात पाळ्या केलेल्या असतात, कुणी पहाटे उठून घरातल्यांचे डबे करून आलेली असते. या वर्गातील वये निराळी असतात, आणि हातही. अशाच एका रविवारी मी ध्वनी आणि लिपी यांच्या संबंधाचा घटक शिकवत होते. 'र'ची जोडाक्षरे सांगताना फळ्यावर दोन शब्द लिहिले : 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिल्यात 'द'वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या खोल जागा. एवढा मोठा भेद मराठी लिपी एका लहानशा वळणाने दाखवते, असे काहीसे कौतुकाने सांगून मी सत्र संपवले.

वर्ग पांगल्यावर मागच्या बाकावरचे एक गृहस्थ फळ्यापाशी आले. चाळिशी ओलांडलेली. म्हणाले, "मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो. तुमचा दुसरा र फार बारीक पडलाय. लांबून वाचणाऱ्याला तो दिसणारच नाही." आणि खडू आडवा धरून त्यांनी माझ्या 'दऱ्या'खाली आपला 'दऱ्या' काढला. वळण एकाच झटक्यात आले, सुरुवातीला भरीव, पुढे निमुळते होत 'य'ला अलगद टेकलेले. तीस वर्षे मी या अक्षराविषयी बोलत आले आहे. ते इतके नीट काढलेले मात्र तेव्हाच पाहिले.

ते पेंटर होते. रविवार कारंजा, मेन रोड, शालिमार या भागांतील दुकानांच्या पाट्या त्यांनी वीस वर्षे रंगवल्या होत्या. खडूत माखलेली दोरी ताणून फळीवर मारायची, उमटलेल्या रेघेवर शिरोरेखा बसवायची, मग नुसत्या नजरेच्या मापाने अक्षरे उभी करायची, असे काम. पुढे फ्लेक्स आला. चार दिवसांची पाटी तासाभरात छापून मिळू लागली आणि त्यांचे ब्रश पत्र्याच्या डब्यात गेले. पोटासाठी ते अशाच एका छपाईच्या दुकानात संगणकावर बसू लागले. शिकवणारे कुणी नव्हते. शेजारच्या मुलाची बोटे पाहत ते शिकले.

तिथे एक प्रकार घडला. लग्नसराईत एका केटरिंगवाल्याचा फलक करायचा होता. मजकूर होता, 'अनुभवी आचाऱ्यांच्या हातचे जेवण'. दुकानातल्या फाँटमध्ये हवा तो र कुठल्या कळीवर आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. फलक छापून आला तो 'अनुभवी आचार्यांच्या हातचे जेवण' असा. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत आणि ते यांच्या पगारातून कापले गेले. सांगताना ते हसत होते. मलाही हसू आले, कारण मीही एक आचार्य पदवीधारक आहे आणि माझ्या हातच्या जेवणाचा अनुभव घरच्यांना आहे. पण पुढचे वाक्य हसत ऐकण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, "हाताने काढली असती तर माझ्याकडून ही चूक झालीच नसती. चूक मला दिसत होती, मॅडम, आणि ती दुरुस्त करता येत नव्हती." मग त्यांनी विचारले, "हे कुठे शिकवतात? कुठली कळ दाबायची ते मी शिकेन. त्याच्या मागचे हे सगळे कुठे शिकवतात?"

मी जे उत्तर दिले ते आजही मला टोचते. मी म्हणाले, "तो वेगळा विषय आहे हो. त्यासाठी कलामहाविद्यालय लागते, इंग्रजी लागते. तुम्ही आधी बी. ए. पूर्ण करा." स्वर समजुतीचा होता, पण समजुतीच्या स्वरातही दार लावता येते. त्यांनी मान हलवली, फळा पुसला आणि ते गेले. आपला 'दऱ्या'ही त्यांनी पुसला.

दाराची ही गोष्ट मी नाशिकमध्ये बोलत होते, हे मला घरी गेल्यावर सुचले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे, त्या दादासाहेब फाळक्यांचे शिक्षण मी भाषणांतून अनेकदा सांगितले आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला शास्त्र्यांच्या घरचा हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकला. १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात गेला आणि तिथे रंगकाम, मातीकाम, छायाचित्रण असे जे मिळेल ते शिकत राहिला. कलाभवन तेव्हा नुकतेच निघाले होते. सयाजीराव महाराजांचा आश्रय आणि त्रिभुवनदास गज्जर यांची दृष्टी यांतून ते उभे राहिले. तंत्रशिक्षण लोकभाषेतून द्यावे, हा गज्जरांचा आग्रह होता. फाळके पुढे ठसे करण्याची आणि रंगीत छपाईची विद्या शिकले, १९०९ मध्ये त्यासाठी जर्मनीला गेले. त्या काळातले 'नवमाध्यम' म्हणजे हेच : छायाचित्र आणि छपाई.

मग गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि चाळिशीत पुन्हा विद्यार्थी झाले. चित्रपटविद्येचा अभ्यासक्रम या देशात नव्हता. विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, थोड्या दिवसांत पाहायचे ते पाहून, कॅमेरा खरेदी करून परतले. परतल्यावर त्यांनी प्रथम राजाराणीची कथा चित्रित केली नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि अंकुर वाढत असताना ठरावीक वेळाने एकेक चित्र घेतले. पडद्यावर ते रोप क्षणांत वाढताना दिसले. हा मला त्यांचा खरा स्वाध्याय वाटतो. यंत्र काय करू शकते, याचा शोध त्यांनी घरात रोज दिसणाऱ्या वस्तूवर घेतला. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३चा. त्याच वर्षी ते नाशिकला आले आणि इथे त्यांनी कारखाना थाटला. आपल्या धंद्याविषयी 'नवयुग' मासिकात मराठीतून लेख लिहिले. मूकपटातला मजकूरही कुणीतरी हाताने अक्षरे काढूनच कॅमेऱ्यापुढे धरत असे. त्या अक्षरे काढणाऱ्यांची नावे मात्र आपल्याला सहसा सापडत नाहीत.

फाळके फार लांबचे वाटत असतील, तर जवळचे उदाहरण र. कृ. जोशींचे आहे. जे. जे. मध्ये घडलेला हा सुलेखनकार जाहिरातक्षेत्रात रमला, मग मुंबईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवू लागला. हे केंद्र १९६९ साली सुरू झाले. निवृत्तीनंतर जोशी संगणकतज्ज्ञांच्या सोबतीला जाऊन बसले. अनेक वर्षे विंडोज संगणकावर देवनागरी मजकूर ज्या वळणात उमटत असे, तो 'मंगल' फाँट त्यांचा. बोरू धरलेल्या हातानेच ते काम केले. आज्ञावली लिहिणारे सोबत होते, पण अक्षराला कुठे पोट द्यायचे आणि कुठे श्वास, हे त्यांना सांगावे लागले.

आमच्या पेंटरांचा प्रश्नही याच जातीचा होता आणि तो माझ्याच विषयाच्या अंगणात उभा होता. जुन्या फाँटांत मराठी अक्षर म्हणजे रोमन अक्षराच्या जागी चिकटवलेले चित्र असे. म्हणून एका दुकानातला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की त्याची भाजणी होई. युनिकोडने निराळी वाट धरली. तिथे 'कि' लिहिताना वेलांटी आपल्या डोळ्यांना आधी दिसते, पण साठवली जाते 'क'च्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. साठवण कानाची, दर्शन डोळ्यांचे. दोन र देखील तिथे दोन आहेत. 'र'ला हलन्त देऊन 'य' जोडला की 'र्य' होतो. खाली नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त देऊन 'य' जोडला की 'ऱ्य'. केटरिंगवाल्याच्या फलकाचा उलगडा या एका वाक्यात आहे. मी तो भाषाविज्ञानाच्या वर्गात सांगू शकत होते, आणि मी सांगितले काय, तर इंग्रजी लागते.

इंग्रजी लागते हे खोटे नाही. डिझाइनच्या मोठ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत बहुतांशी इंग्रजीचाच वापर असतो आणि तिथवर पोचणारा मराठी माध्यमाचा प्रौढ विद्यार्थी विरळाच. दुसऱ्या टोकाला गल्लोगल्ली निघालेले ॲनिमेशन आणि ग्राफिक्सचे वर्ग आहेत. तिथे प्रवेश सोपा, पण शिकवली जाते ती सॉफ्टवेअरची अमुक एक आवृत्ती. दोन वर्षांनी आवृत्ती बदलते आणि शिकलेले शिळे होते. या दोन टोकांमध्ये जे असायला हवे, त्यात अक्षर, चित्र, ध्वनी आणि भाषा यांचा एकत्र विचार असेल. त्याची काही पाने तरी मराठीच्या अभ्यासक्रमात यावीत, असे माझे मत आहे. सहकाऱ्यांना ते पटेलच असे नाही; साहित्याच्या घटकांतून वेळ कुठला काढायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

पुढच्या संपर्कसत्राला मी त्यांची वाट पाहिली. ते आले नाहीत. त्यापुढच्या सत्राला आले, तेव्हा मी वर्गासमोरच मागचे उत्तर चुकले असे सांगितले आणि दोन र संगणकात कसे राहतात ते फळ्यावर मांडले. या वेळी खडू आधीच त्यांच्या हाती दिला. त्यानंतरचे काही महिने दर रविवारी सत्र संपल्यावर आम्ही तासभर बसत होतो. ते 'र'ची सगळी रूपे कागदावर ब्रशने काढून आणत. त्यांच्या भाच्याने फाँटफोर्ज नावाचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर बसवून दिले होते. स्कॅन केलेल्या अक्षराच्या कडेवर बिंदू ठेवत ते वळण पुन्हा उभे करायचे. ब्रशचा एक झटका पडद्यावर पकडायला किती बिंदू लागतात, याचे त्यांना हसू येई. बिंदू वाढवले की कडा थरथरते, कमी केले की पोट जाते, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळले होते. मला समजायला महिना लागला. या उद्योगाला परीक्षेत एकही गुण नव्हता.

बी. ए.चे अखेरचे वर्ष संपत आले तेव्हा ते एक अर्ज घेऊन आले. ग्राफिक्स आणि ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाचा होता. मजकूर तपासून द्या म्हणाले. त्यात 'कलेचे पूर्वशिक्षण' असा एक रकाना होता. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा हुकली होती, त्यामुळे प्रमाणपत्र नव्हते. रकान्यात त्यांनी लिहिले होते, 'निरंक'. अक्षर इतके सुरेख, की शब्द क्षणभर वाचलाच गेला नाही.

मी त्यांना दुसरा कोरा अर्ज आणायला सांगितले आणि तो रकाना तूर्त मोकळा ठेवायला सांगितला. आठवडाभर गावात फिरून, आपण रंगवलेल्या जेवढ्या पाट्या अजून उभ्या आहेत, त्यांची छायाचित्रे काढून आणा, म्हणाले. पुढच्या रविवारी ते आले. अकरा पाट्या सापडल्या होत्या. एक पाटी फ्लेक्सच्या मागे होती. दुकानदाराकडून फ्लेक्स वर धरून घ्यावा लागला, आणि छायाचित्रात त्याचा हातही आला होता.