चाचांनी सांगितलेला इस्लाम

सप्टेंबर २०२३ मधली गोष्ट. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात पुसेसावळी नावाचे गाव आहे. समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त झाले आणि १० तारखेच्या रात्री जमावाने तेथील मशिदीवर हल्ला केला. त्यात एका तरुण मुसलमानाचा जीव गेला. आमचे मूळ गाव त्याच तालुक्यात. महात्मा जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचे कटगुणही त्याच तालुक्यात.

आम्ही नोकरीमुळे सांगलीत. दोन दिवसांनी आमच्या मुलाच्या मोबाईलवर एक संदेश दिसला. 'त्यांचा धर्मच असे शिकवतो' अशा अर्थाचा. चिरंजीवांनी तो आणखी चौघांना पाठवून दिला होता. आम्ही रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, मग त्यांचा धर्म काय शिकवतो ते तुम्ही सांगा ना."

आम्हाला सांगता येईना. वाचक बंधू-भगिनींनो, खरे सांगतो, मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारण २००६ सालापासून कचेरीत आमच्या शेजारच्या टेबलावर एक मुसलमान गृहस्थ बसत होते. वयाने दहा-बारा वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते आम्हाला भाऊसाहेब म्हणत. सतरा वर्षे आम्ही त्यांच्या घरचा शिरखुर्मा खाल्ला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ते पाण्याच्या पिंपाजवळ उभे राहून वाटसरूंना पाणी देत. आम्ही बी.कॉम., चार ठिकाणी भाषणे ठोकणारे, आणि पाच वेळच्या नमाजांची नावेही आम्हाला ठाऊक नव्हती!

दुसऱ्या दिवशी डबा खाताना चाचांना विचारले. ते हसले. म्हणाले, "भाऊसाहेब, सतरा वर्षं वाट बघितली हो." मग रोज डब्याच्या वेळी थोडे थोडे सांगू लागले. आम्हीही नगर वाचनालयातून पुस्तके आणून ताडून पाहू लागलो.

इस्लामचा पाया एका वाक्यात आहे. अल्लाशिवाय दुसरा कोणी पूजनीय नाही आणि महंमद हे त्याचे प्रेषित आहेत. हाच कलमा. महंमद पैगंबरांचा जन्म इसवी सन ५७० च्या सुमारास अरबस्तानातील मक्केत झाला. जन्माआधीच वडील वारले, सहाव्या वर्षी आई गेली. पुढे ते व्यापारात पडले. खदिजा या व्यापार करणाऱ्या विधवेशी त्यांचे लग्न झाले आणि ती त्यांच्याहून वयाने मोठी होती असे मानतात. ६१० साली हिरा नावाच्या गुहेत त्यांना पहिला संदेश मिळाला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. पुढे तेवीस वर्षे मिळालेले संदेश म्हणजे कुराण. त्याचे ११४ अध्याय आहेत. मक्केच्या धनिकांनी छळ केल्यामुळे ६२२ साली ते मदिनेला गेले. त्या स्थलांतराला हिजरत म्हणतात आणि त्यांचे हिजरी सन तेथून मोजतात. ६३२ साली पैगंबर वारले.

चाचांना सर्वांत आवडायची ती बिलालची गोष्ट. बिलाल हा काळा हबशी गुलाम. त्याने नवा धर्म स्वीकारला म्हणून मालकाने त्याला तापलेल्या वाळूत झोपवून छातीवर दगड ठेवला. अबू बकर यांनी पैसे मोजून त्याला सोडवले. नमाजासाठी लोकांना हाक मारायला माणूस हवा होता, तेव्हा पैगंबरांनी बिलालला निवडले. इस्लाममधली पहिली अजान गुलामाच्या तोंडून झाली. ही गोष्ट सांगताना चाचांचा आवाज जड होई, आणि ऐकताना आमचाही ऊर भरून येई. का, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज ही पाच मुख्य कर्तव्ये. फज्र, जुहर, असर, मगरीब, इशा अशा पाच नमाजा. चाचा दुपारची नमाज दप्तराच्या खोलीत, फायलींच्या दोन कपाटांमध्ये टॉवेल अंथरून पढायचे. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की ते जरा आडवे व्हायला जातात. जकातीचे आम्हाला, हिशोबाचा माणूस म्हणून, विशेष वाटले. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली, तर तिचा चाळीसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, गरिबांना द्यायचा. ही भीक नाही, गरिबाचा हक्क आहे, असे चाचा बजावून सांगत. बकरी ईदच्या कुर्बानीचेही तीन वाटे करायची रीत: एक घरी, एक नातेवाईक-मित्रांना, एक गोरगरिबांना. हजला जाणारा पुरुष दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रे पांघरतो. तिथे राजा आणि हमाल ओळखू येत नाहीत.

रमजान दर वर्षी वेगळ्या ऋतूत का येतो, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींचा. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. आपल्याकडे अधिक महिना धरून मेळ घालतात, त्यांच्यात तसा घालत नाहीत. म्हणून दर वर्षी सण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ साली ईद ११ एप्रिलला आणि तीन दिवसांनी भीमजयंती. त्या आठवड्यात आमच्या घरी नुसता शिरखुर्मा आणि लाडू!

मुलाने आणखी एक विचारले. अल्ला एकच, तर मग मिरजेचा दर्गा कशाला? मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. ते सूफी संत. सूफी म्हणजे प्रेमाने, भक्तीने देवाकडे जाऊ पाहणारे. संताची पुण्यतिथी म्हणजे उरूस, आणि या शब्दाचा मूळ अर्थ लग्न. मरण म्हणजे देवाशी भेट असे ते मानतात. कबरीपुढे मागणे मागू नये, हे धर्मात बसत नाही, असे म्हणणारे मुसलमानही पुष्कळ आहेत. चाचांचा धाकटा भाऊ त्यांतला. दोघे भाऊ यावरून भांडत आणि मग एकाच ताटात जेवत. पण आम्हाला कौतुक वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. या उरुसात गलेफ अर्पण करण्याचा मोठा मान चर्मकार समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्यांना गावच्या देवळाची पायरी बंद होती, त्यांची चादर येथे मानाने चढते.

याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते १९३७ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाण्याची बैठक होते आणि हिंदू-मुसलमान गवई रात्र जागवतात. मिरजेचे सतार करणारे कारागीर हे मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावणारे हात लढाया संपल्यावर भोपळ्याच्या सतारी करू लागले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

कडेगावच्या मोहरमला तर आम्ही लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून गेलो होतो. बांबू आणि रंगीत कागदांचे ते उंचच उंच ताबूत, त्यांच्या भेटी, आणि ताबूत उचलणाऱ्यांत निम्मे हिंदू. तो सण आहे असेच आम्ही समजत होतो. तो शोक आहे, हे आम्हाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले! पैगंबरांचे नातू इमाम हुसेन ६८० साली, मोहरमच्या दहाव्या दिवशी, करबलाच्या वाळवंटात मोजक्या साथीदारांसह मारले गेले. जुलमी खलिफाला मान्यता देईनात म्हणून त्यांना पाण्यावाचून ठेवले होते. पैगंबरांनंतर पुढारीपण कोणाचे, या वादातून शिया आणि सुन्नी असे दोन पंथ झाले. आपल्या भागात बहुतेक सुन्नी, तरी हुसेनचे दुःख गावानेच आपले मानले.

पाण्यावरून आम्हाला आमच्याच तालुक्याची आठवण येते. १९०१ साली बाल भीमराव साताऱ्याहून वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जातीमुळे गाडीवान मिळेना. रात्री टोलनाक्यावर तहान लागली, तेव्हा गाडीवानाच्या सल्ल्यावरून त्यांनी, आपण मुसलमान आहोत, असे उर्दूत बोलून पाणी मागितले. तरीही मिळाले नाही. हे चाचांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या नावानं तरी मिळायला पाहिजे होतं."

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर आम्ही गुळमुळीत लिहिले असे होईल. इस्लामात जात नाही, पण आपल्याकडच्या मुसलमानांत मुलाणी, अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, शिकलगार आहेत, आणि सोयरिकी बहुधा आपापल्यातच होतात. बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानवरील ग्रंथात हे स्पष्ट लिहून ठेवले आहे. चाचा मुलाणी. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार, जत्रेचा बोकड बिस्मिल्ला म्हणून कापणारा. आमचे आजोबा आणि त्यांचे आजोबा, दोघेही खळ्यावर धान्याच्या वाट्यासाठी हात पसरून उभे राहणारे. चाचा म्हणत, "आम्ही कुठून आलो विचारतात. आम्ही खळ्यावरून आलो."

बायकांचा प्रश्नही आहे. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा, मुलाच्या निम्मा का होईना, कुराणाने सातव्या शतकात दिला. पण तोंडी तलाकने संसार उघडे पडले हेही खरे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९६६ साली मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधान भवनावर नेला आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. जोतीरावांचा सत्यशोधक शब्द त्यांनी मुद्दाम घेतला. एका दमात तीनदा तलाक २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. चाचांचे मत विचारले, तर म्हणाले, "माझ्या दोन पोरी आहेत. माझं मत त्यांना विचारा." एक परिचारिका आहे, दुसरी शिक्षिका.

आपण देव मानत नाही, त्यांचा सारा धर्म देवावर उभा. हा फरक आम्ही चाचांशी बोलताना कधी झाकला नाही, त्यांनीही झाकला नाही.

मे २०२४ अखेर चाचा निवृत्त झाले. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मिरजेहून त्यांच्या मुलाचा फोन आला. आम्ही आमच्या मुलाला घेऊन गेलो. चाचांना आंघोळ घालून पांढऱ्या, न शिवलेल्या कापडात गुंडाळले होते. जनाजाची नमाज उभ्यानेच होते, तिच्यात वाकणे नाही. आम्ही मागे उभे राहिलो. खांदा द्यावा की नाही, या विचारात असताना त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, या की पुढं." आम्ही खांदा दिला, आमच्या मुलानेही दिला. कबरीत त्यांना मक्केच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, तोंड करून निजवले. प्रत्येकाने तीन मुठी माती टाकली. येताना बसमध्ये मुलाने मोबाईल काढला आणि तो जुना संदेश ज्या चौघांना पाठवला होता, त्यांना काहीतरी लिहीत बसला. आम्ही वाचले नाही.

भाभींची इद्दत चार महिने दहा दिवस. एवढे दिवस विधवेने घरीच राहायचे. ईदचा शिरखुर्मा या वेळी मुलाने आणून दिला. इद्दत संपली आणि दोनच दिवसांत, १२ मे २०२५ ला, बुद्ध पौर्णिमा आली. संध्याकाळी भाभी मुलाबरोबर आमच्या दारात. आमच्या सौभाग्यवतींनी खिरीची वाटी पुढे केली. भाभी फोटोकडे पाहत म्हणाल्या, "इतकी वर्षं येतो आम्ही. पण तुमच्या बुद्धांची गोष्ट मला नीट ठाऊक नाही हो."

आम्ही बोलायला तोंड उघडणार, तोच मुलगा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि लुंबिनीपासून सांगू लागला.