ऐकणाऱ्याच्या बाजूने

गेली कित्येक वर्षं मी ५ वॉटचा माणूस होतो. हॅम रेडिओत याला क्यूआरपी म्हणतात: मोर्सला ५ वॉट, आवाजाला फार तर १०, त्यापुढे जायचं नाही. एवढ्या शक्तीवर दिलेल्या सीक्यूला, म्हणजे ‘कोणी आहे का?’ या हाकेला, हजार किलोमीटरवरून उत्तर आलं की जो आनंद होतो तो मी भरपूर घेतला आहे. लिनियर, म्हणजे रिगची शक्ती वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, लावणाऱ्यांबद्दलचं माझं मतही पक्कं होतं. यांना अँटेना नीट करायची नाही, बँड कधी उघडतो ते शिकायचं नाही, म्हणून सगळी कसर वॉटांनी भरून काढतात, असं मी म्हणायचो. नव्या मुलांनाही हेच ठासून सांगायचो. आज माझ्या रिगशेजारी ४० वॉटचा लिनियर आहे. ज्यांना मी उलट शिकवलं, त्यांना त्याचं कारण कळायला हवं.

माझा आधार गणिताचा होता. ५ चे ४० वॉट म्हणजे आठपट, पण डेसिबलमध्ये जेमतेम ९. एस-मीटरचं एक घर ६ डेसिबलचं, म्हणजे समोरच्याचा काटा फक्त दीड घर वर जाणार. त्यासाठी एवढी यातायात कशाला? हे गणित आजही बरोबर आहे. पण त्यात सिग्नल मुळात कुठे आहे, हे येत नाही. माझा आवाज समोर एस-नाईनने पोचत असेल, तर दीड घराने काहीही बिघडत नाही की सुधारत नाही. तो खरखरीच्या जेमतेम वर असेल, तर त्याच ९ डेसिबलवर नाव कळणं आणि न कळणं ठरतं.

हे मला उमगलं ते ७ मेगाहर्ट्झवरच्या सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅमच्या ठरलेल्या एकत्र भेटीत, सगळ्यांना क्रमाने बोलू देणाऱ्या कंट्रोलची पाळी माझ्याकडे येऊ लागली तेव्हा. एखादं क्यूआरपी स्टेशन चेक-इन करायचं. सगळ्यांना गप्प राहायला सांगायचं, हेडफोन कानाशी दाबून धरायचा, डोळे मिटायचे. कॉलसाइनची शेपटी तेवढी मिळायची. पुन्हा विचारायचं, मग तिसऱ्याने मध्ये पडून निरोप पुढे द्यायचा. तोवर बाकीचे ताटकळलेले. शेवटी त्या स्टेशनचा मालक खूश होऊन सांगायचा, ‘फक्त ५ वॉट!’ हे वाक्य मीही असंख्य वेळा बोललो होतो. कमी शक्तीचं कौतुक माझं व्हायचं आणि कान मात्र दुसऱ्याने ताणायचे.

त्यात ऐकणाऱ्याचं घरही आता पूर्वीसारखं शांत राहिलेलं नाही. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, गच्चीवरची सोलर यंत्रणा, सगळ्यांची करकर ७ मेगाहर्ट्झवर उतरते. पावसाळ्यात विजांचा कडकडाट वेगळाच. पूर्वी जिथे माझे ५ वॉट आरामात ऐकू जायचे, त्याच गावात आज ते बुडतात. माझी अँटेना तीच आहे, उंचीही तीच. समोरचा गोंगाट वाढला, आणि तो कमी करणं माझ्या हातात नाही.

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत एक तत्त्व आहे: समाधानकारक संपर्काला लागेल तेवढीच शक्ती वापरावी. यातला कमी शक्तीचा भाग मी उचलला. संपर्क समाधानकारक आहे की नाही, हे ऐकणारा ठरवतो, याचा विचार केला नाही. संकटाच्या वेळी तर तो करावाच लागतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकारी हॅमनी सुखरूप असलेल्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवली. अशा वेळी निरोप म्हणजे माणसांची नावं. एकेक नाव तीनदा विचारावं लागलं, तर मागे थांबलेल्या निरोपांचं काय होईल?

लिनियर मी घरीच बांधला. माइक कोसर यांनी १९९९ मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकात दिलेली ही रचना: दोन आयआरएफ५१० मॉस्फेट ट्रान्झिस्टर पुश-पुलमध्ये, २८ व्होल्टवर, १ वॉट आत आणि सुमारे ४० बाहेर. आपल्या अशहर फरहान यांच्या बिटएक्स रिगमध्ये शेवटी हाच मॉस्फेट बसतो, त्यामुळे तो ओळखीचा. त्याची धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते, म्हणून हीटसिंकवर बसवताना मधे अभ्रकाची चकती हवीच. रिगचे ५ वॉट थेट आत द्यायचे नाहीत, आधी अटेन्युएटर. बायसचा प्रीसेट केसभर फिरवायचा आणि अ‍ॅमीटरवरची नजर हलू द्यायची नाही. माझ्या रिस्ट्रिक्टेड परवान्याला एचएफवर ५० वॉटची मर्यादा आहे, तेव्हा ४० वर थांबणं सोयीचंही झालं.

एका बाबतीत माझा जुना कर्मठपणा कायम आहे. लो-पास फिल्टरशिवाय लिनियर हवेत सोडणं मला मुळीच मान्य नाही. ७ मेगाहर्ट्झचे हार्मोनिक १४ आणि २१ वर पडतात आणि तिथे आपलेच लोक बसलेले असतात. अँटेनाची जागाही लिनियर घेऊ शकत नाही, कारण अँटेना सुधारली की ऐकूही जास्त येतं. लिनियरने फक्त बोलणं वाढतं.

मोर्सवर मी आजही ५ वॉटच वापरतो. तो सिग्नल इतका अरुंद असतो की गोंगाटातून सहज वेगळा काढता येतो, आणि तिथे कोणाला त्रास होत नाही. आवाजाच्या नेटवर मात्र लिनियर चालू असतो, आणि समोरून चांगला रिपोर्ट आला की मी ड्राइव्ह कमी करतो. सध्या लाल टोरॉइडवर ३.५ मेगाहर्ट्झच्या फिल्टरचे वेढे घालतो आहे. रात्री ७ मेगाहर्ट्झवर जवळची स्टेशनं गायब होतात, तेव्हा खाली उतरावंच लागतं. फिल्टर हिवाळ्याआधी होईल. ४० मीटरची तार अंगणात कशी मावणार, ते अजून सुटलेलं नाही.