कुठला पत्रा घ्यायचा?

बाबांची मारुती 800 आहे 1995 ची. पांढरी, चौकोनी दिव्यांची. नंबर प्लेटवर अजून ‘एपी’ आहे, कारण गाडी घेतली तेव्हा हैदराबाद आंध्र प्रदेशात होतं. 2014 ला तेलंगण झाल्यावर ‘टीएस’ आलं, 2024 ला ‘टीजी’ आलं; आमची गाडी पहिल्या अक्षरांवरच राहिली. बाबा गेल्यापासून ती काचीगुड्यात घरासमोर चिंचेखाली उभी होती. ती विकायची नाही, चालती ठेवायची, हे आईने आणि मी मिळून ठरवलं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षं चालतं, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नवं करावं लागतं. ती वेळ जवळ आली होती. इंजिनाचं काम मेकॅनिकने पटकन उरकलं. राहिला तो पत्रा, आणि पत्र्यातलं मला काहीही कळत नव्हतं.

आमच्याकडे डेंटिंगवाल्याला टिंकर म्हणतात. गल्लीतले टिंकर उस्ताद वयाने बाबांच्या बरोबरीचे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बसले आणि पुढच्या चाकामागे, फेंडरच्या तळाशी, स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं. ते सरळ आत गेलं. वरून मला फक्त रंगाचे दोन-तीन फोड दिसत होते. “अम्मा, ये फोडा नहीं है, आर-पार है,” ते म्हणाले. मग त्यांनी यादी सांगितली: दोन्ही फेंडर, दरवाज्याखालचा डावा रनिंग बोर्ड, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा. “रानीगंज जाके देख लो, नहीं तो पुराने माल में देखो.”

सिकंदराबादच्या रानीगंजमध्ये मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. पहिल्याच काउंटरवर प्रश्नांचा मारा झाला. “पुराना मॉडल होना या नया? जेन्युइन होना या लोकल? अकेला फेंडर होना या शो के साथ?” शो म्हणजे पुढची जाळी, हे मला तिथेच कळलं. आमची चौकोनी दिव्यांची गाडी म्हणजे जुनं मॉडेल. 1997 ला मारुतीने 800 चा चेहरा गोलसर केला, त्यामुळे पुढचे फेंडर, बोनेट, दिवे, शो यांतलं काहीही एकमेकांना चालत नाही. दुकानात टांगलेले बहुतेक फेंडर नव्या चेहऱ्याचे. आमच्या चेहऱ्याचे मोजकेच होते आणि दिसायला सगळे सारखेच: काळे, चकचकीत. किमतीत मात्र दुपटीहून जास्त फरक. एकाच आकाराच्या दोन पत्र्यांत इतका फरक कशाचा, हे विचारायचंसुद्धा कसं, ते सुचेना. काहीच न घेता परत आले.

उस्तादांनी मला आधी गाडीच समजावून दिली. चौमहल्ला राजवाड्यात निजामाची 1912 ची पिवळी रोल्स रॉइस ठेवलेली आहे. मी ती लहानपणापासून पाहत आले आहे. त्या काळी रोल्स रॉइस कंपनी चाकं, इंजिन आणि खालची चौकट द्यायची आणि वरची बॉडी वेगळा कारागीर बांधायचा. या गाडीची बॉडी लंडनच्या बार्करने केली. म्हणजे बॉडी वेगळी, चॅसिस वेगळी. मारुतीत तसं नाही. इथे बॉडी हीच चॅसिस; पत्रे एकमेकांना वेल्ड करूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे तिच्या पत्र्याचे दोन प्रकार पडतात. बोनेट, पुढचे फेंडर, दरवाजे, डिक्कीचं झाकण हे बोल्टवर बसतात. पाना लावला की सुटतात. रनिंग बोर्ड, फरशी, मागची बाजू हे वेल्ड केलेले असतात आणि गाडीचं वजन तेच तोलतात. फेंडर सडला तर गाडी वाईट दिसते. रनिंग बोर्ड सडला तर गाडी कमरेत वाकते, दरवाजे नीट लागत नाहीत आणि अपघातात बाजूचा आधार जातो. मी ज्याला खालची पट्टी समजत होते, तोच यादीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग निघाला.

यानंतर रानीगंजला गेले ती हातात थिनरची बाटली आणि पांढरं फडकं घेऊन. ही युक्तीही उस्तादांचीच. कंपनीचा पत्रा प्रायमरच्या हौदात बुडवून, त्यात वीज सोडून रंगवलेला असतो. तो थर पत्र्याच्या प्रत्येक कोपऱ्यात धरतो, भट्टीत भाजून पक्का होतो आणि थिनरने निघत नाही. लोकल पत्र्यावर पुष्कळदा नुसता काळा रंग फवारलेला असतो, तोही वाहतुकीत गंज लागू नये एवढ्यापुरता. एका दुकानात खोक्यावर कंपनीचं नाव होतं, स्टिकर होता, किंमतही जेन्युइनची सांगितली होती. मी परवानगी घेऊन फेंडरच्या आतल्या कडेला ओलं फडकं घासलं. फडकं काळं झालं आणि खाली उघडा, राखाडी पत्रा दिसला. दुकानदाराने फेंडर उचलून आत ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. लोकल माल लोकल म्हणून विकला तर माझं काहीच म्हणणं नाही. गरजवंताला तो परवडतो आणि चांगला बसवला तर चालतोही. लोकल पत्रा जेन्युइन म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ती नवख्याच्याच वाट्याला येते.

खरा जेन्युइन फेंडर आमच्या मॉडेलचा मिळणं अवघड का, तेही हळूहळू उमगलं. 800 पहिल्यांदा 14 डिसेंबर 1983 ला गिऱ्हाइकाच्या हाती आली. प्रदूषणाचे भारत स्टेज चारचे नियम आले तेव्हा, एप्रिल 2010 मध्ये, ती तेरा शहरांत विकणं बंद झालं. त्यांत हैदराबाद होतं, मुंबई-पुणे होते आणि सोलापूरही होतं. जानेवारी 2014 मध्ये कारखान्यातलं उत्पादनच थांबलं. आमचा चेहरा तर त्याच्याही कितीतरी आधी, 1997 ला गेलेला. आता जे मिळतं ते कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिलेलं. पहिली 800 घेणारे दिल्लीचे हरपाल सिंग 2010 मध्ये वारले. त्यानंतर त्यांची गाडी उघड्यावर गंजत पडली होती, पुढे कंपनीनेच ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. एवढ्या मानाच्या गाडीला गंज लागला, तर चिंचेखालच्या आमच्या गाडीचं काय!

मग जुना माल. मोडीत काढलेल्या गाड्यांच्या वाड्यात मला सुरुवातीला नुसता ढीग दिसायचा. उस्ताद सोबत आले तेव्हा त्यांनी पत्रा पाहायला शिकवलं. आधी उलटा करायचा. पाठीमागे मूळ रंग सलग दिसला तर तो कधी ठोकलेला नाही. पुढून लोहचुंबक फिरवायचं; जिथे ते सैल धरतं तिथे रंगाखाली लांबी भरलेली असते. मग खालची कड बोटाने चाचपायची. पत्रा जिथे दुमडलेला असतो तिथे पाणी अडकतं आणि गंज तिथूनच, आतून बाहेर येतो. शेवटी बोल्टच्या भोकांभोवती पाहायचं. एका दरवाज्याच्या आतल्या बाजूला चिखलाची आडवी, फिकट रेघ होती. “ये पानी में गयी हुई गाडी है,” उस्ताद म्हणाले. ऑक्टोबर 2020 च्या पावसात आमच्या शहरात असंख्य गाड्या बुडाल्या. मुसीकाठच्या वस्त्यांत तर बोनेटवरून पाणी गेलं होतं. अशा गाडीचा पत्रा वरून स्वच्छ दिसतो, पण दुमडीत गाळ बसलेला असतो. तो दरवाजा आम्ही सोडला.

तिथेच एका लाल 800 चे दोन्ही फेंडर मिळाले. कोरड्या जागेत उभी राहिलेली गाडी, मागून लाल रंग एकसंध, कडा घट्ट. लाल फेंडर पांढऱ्या गाडीला कसे, असं माझ्या मनात आलं; उस्तादांनी सांगितलं, रंग तर सगळ्यालाच द्यायचा आहे, आधी बसू तर दे. बसवण्याआधी तुलनेसाठी त्यांनी ओळखीच्या दुकानातून एक लोकल फेंडरही परतीच्या बोलीवर आणवला होता. दोन्ही कोरडेच, रंग देण्याआधी लावून पाहिले. लोकल फेंडरची दोन भोकं जुळत नव्हती. ती लांबवून बोल्ट बसला असता, पण बोनेटशी असलेली फट वर बारीक आणि खाली रुंद पडत होती. लाल फेंडर सगळ्या बोल्टांवर सरळ बसला आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी आली. हे डोळ्यांनी पाहिल्यावर माझा निर्णय झाला. जुन्या गाडीला कोऱ्या लोकल पत्र्यापेक्षा त्याच मॉडेलचा, गंज नसलेला, मूळ पत्रा चांगला. उस्तादांचं मतही तेच होतं.

दरवाज्याचं वेगळं झालं. बदली दरवाजा घेतला की बिजागरी जुळवा, काच बदला, कुलूप बदला, किल्ली दुसरी. आमच्या दरवाज्याचा फक्त खालचा चार बोटं भाग गेला होता. उस्तादांनी तेवढाच कापला, बावीस गेजच्या पत्र्याची पट्टी हाताने दुमडून घडवली आणि लावली. मी जवळ बसून पाहिलं. लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठेवून ते कड एकदम वाकवत नव्हते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके ठोके देत जायचे, मग मागे यायचे, दर फेरीला कड थोडीशी अधिक वळायची. घाई केली तर पत्रा ताणला जातो आणि त्याला लाट येते. पट्टी जोडली सीओटू वेल्डिंगने, एका ठिकाणी टिपका, मग लांबच्या ठिकाणी टिपका, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. गॅस वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा वाकडा होतो. दरवाज्याच्या तळाशी पाणी जाण्यासाठी मूळची जी भोकं असतात, ती त्यांनी पट्टीतही पाडली. ती भोकं चिंचेच्या पानांनी बुजली होती म्हणूनच तर आमचा दरवाजा सडला होता.

रनिंग बोर्ड नवा लोकलच घेतला, कारण जुन्या गाडीतून कापून आणलेला बोर्ड बहुधा आतून पोकळ झालेला असतो. मात्र जाड पत्र्याचा निवडला आणि वेल्डिंगआधी बॅटरी सोडवली, गालिचा काढला, पेट्रोलची नळी बाजूला घेतली, हे मी स्वतः पाहिलं. आतल्या पोकळीत गंजरोधक फवारायला सांगितलं. रंग पांढराच ठेवला. बदलला असता तर आरसीवर तशी नोंद करावी लागली असती. आणि ज्या पत्र्यावर चॅसिस नंबर कोरलेला असतो त्याला कुणालाही हात लावू दिला नाही.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर दुकानात जाण्याआधी ती जॅकवर चढवून खालून पाहा, आणि पाहताना सोबत टिंकर असू द्या. रनिंग बोर्ड आणि फरशी धड असेल तर फेंडरवर खर्च करा. ती गेली असेल तर आधी पैसे तिथे घाला. पत्रा घेताना परतीची बोली पावतीवर लिहून घ्या आणि रंग देण्याआधी तो गाडीवर कोरडा बसवून बघा.