आधी वीज, मग फ्रेम

खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज जाऊ लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावर पावसाचे पाणी साठवायचे, ते मोठ्या नळांतून पायथ्याशी सोडायचे आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईला न्यायची, ही व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. त्याच पायथ्याच्या वाड्यावस्त्यांत मृगाची पहिली जोराची सर आली की लाइट जाते, हे मला अजूनही खुपते. आणि हे खुपणे मला सर्वांत जास्त जाणवते ते एका साध्या प्रश्नाच्या वेळी: कमी पैशांत जमवलेल्या गेमिंग पीसीमध्ये पुढचा सुटा भाग कोणता बदलावा? सगळीकडून एकच उत्तर येते, ग्राफिक्स कार्ड. कर्जत आणि खालापूर तालुक्यांपुरते तरी हे उत्तर क्रमाने चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. इथे पहिला पैसा एसएमपीएस (म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय), यूपीएस आणि अर्थिंगवर जायला हवा.

प्रचलित सल्ल्यामागचे तर्कशास्त्र मला मान्य आहे. जो भाग बाकीच्यांना अडवून धरतो तो आधी बदलायचा. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्ड शंभर टक्क्यांच्या जवळ राबत असेल आणि प्रोसेसर निवांत असेल, तर कार्ड कमी पडते आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेममध्ये चित्र अनेकदा उलटे दिसते. तिथे प्रोसेसर आधी थकतो. शिवाय मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला १४४ फ्रेम काढणाऱ्या कार्डातल्या बहुतेक फ्रेम डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. हे सगळे खरे आहे. पण या हिशेबात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टच्या आसपासची वीज अखंड येत राहील. दादरच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ते चालून जाते. कशेळे, कळंब किंवा चौकच्या आसपासच्या घरात ते गृहीत धरता येत नाही. तारेवर फांदी पडते, डीपीवर फ्यूज उडतो, संध्याकाळी व्होल्टेज खाली येते आणि गेलेली लाइट परत येताना झटका देऊन येते. शनिवार-रविवारी फार्महाऊसवरचे एसी एकदम सुरू झाले की त्याच तारांवर आणखी ताण पडतो.

हे सगळे झेलायचे काम एसएमपीएसचे असते, आणि कमी पैशांत पीसी जमवताना सर्वांत जास्त काटकसर नेमकी तिथेच होते. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असते. खरेदी करणाऱ्याने तो आकडा सोडून बाजूचा तक्ता वाचावा. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. त्या ओळीत १८ अँपिअर लिहिले असतील तर गुणाकार २१६ वॅटचा होतो. उरलेला आकडा कागदावरचाच. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टच्या पट्ट्यात काम करतो, म्हणून संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आले तरी तो तग धरतो. स्वस्तातले बरेच एसएमपीएस २०० च्या खाली गेले की हात टेकतात. जास्त व्होल्टेज, जास्त करंट आणि शॉर्टसर्किट यांपासूनचे संरक्षण चांगल्यात असते. स्वस्तात त्याची खात्री देता येत नाही. खोक्यावरच्या ‘८० प्लस’ या शिक्क्यावरही विसंबू नये. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, संरक्षणाबद्दल काहीच सांगत नाही.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: एसएमपीएस बदलून एकही फ्रेम वाढत नाही. बरोबर, वाढत नाही. पण खराब एसएमपीएस जळताना पुष्कळदा मदरबोर्ड किंवा कार्ड सोबत घेऊन जातो, आणि मग होत्या तेवढ्या फ्रेमही जातात. जळाल्याची खूण दिसली की वॉरंटी बहुधा नाकारली जाते. ती नाकारली गेली नाही, तरी कर्जतच्या माणसाला सर्व्हिस सेंटरसाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते, सुटा भाग शोधायला लॅमिंग्टन रोडला जायचे तर लोकलमध्ये जाऊन-येऊन चार-पाच तास मोडतात, आणि तोवर पीसी बंद राहतो. ज्याला दर वर्षी एकच भाग घेणे परवडते, त्याने दोन वर्षांची बचत एका झटक्यात गमावणे हा मला सर्वांत महागडा अपग्रेड वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घरात इन्व्हर्टर आहेच, मग यूपीएस कशाला? लाइट गेल्यावर चांगला एसएमपीएस आपल्यातल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. पंखे आणि दिव्यांसाठी लावलेल्या इन्व्हर्टरला वीज बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो; दिवा फक्त लुकलुकतो, पण पीसी रीस्टार्ट होतो. अनेक इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असते, ते आधी दाबून पाहावे; तेवढ्याने भागले तर वेगळा खर्च करू नये. नाहीतर साधा ६०० व्हीए यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो आणि बेतशीर पीसीला तेवढे पुरते. भिंतीत अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत गेली आहे का, हेही वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत तीन भोकांच्या सॉकेटमागे दोनच तारा सापडतात. लॅपटॉप घ्या म्हणजे ही कटकटच नाही, असेही कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण लॅपटॉपचे सगळे पैसे एकदम मोजावे लागतात, आणि ज्याच्याकडे ते नाहीत त्याच्यासाठीच तर सुट्या भागांचा हा मार्ग आहे.

वीज सावरल्यावर बाकीचा क्रम सोपा आहे. हार्ड डिस्कवर विंडोज चालत असेल तर आधी एसएसडी. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी; रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला त्याचा फरक लगेच दिसतो. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढले आहेत, तेव्हा वापरलेली पट्टी घेतली तरी चालेल. मग कार्ड, आणि तेही वीज पाहून. आरएक्स ५८० ला १८५ वॅट लागतात. आरएक्स ६६०० त्याहून बरेच वेगवान असून १३२ वॅटवर भागते. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचे मायनिंग थांबल्यावर जुनी ५८० कार्डे बाजारात ढिगाने आली, म्हणून ती स्वस्त वाटतात. प्रोसेसर शेवटी. एएम४ चा जुना बोर्ड असेल तर बायोस अपडेट करून त्यावर रायझन ५ ५६०० बहुधा बसतो. मात्र अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. म्हणजे इथेही यूपीएस आधी.

एवढे मांडल्यावर मलाच एक गोष्ट टोचते. आठ हजार रुपये घेऊन बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ‘यंदा फक्त एसएमपीएस आणि यूपीएस घे, गेम पुढच्या वर्षी’ असे सांगणे कठोर आहे. त्याच्यासाठी मी माझा क्रम मोडायला तयार आहे. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल्स मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच चालतात, वेगळी केबल लागत नाही. साध्या पण नावाजलेल्या एसएमपीएसवर असे वापरलेले कार्ड लावून तो आज खेळू शकतो. लाइट गेली तर डाव बुडेल, पण कार्ड वाचण्याची शक्यता बरीच राहील. मात्र ही खरेदी त्याने दिवाळीच्या सुमारास, पाऊस सरल्यावर करावी, आणि यूपीएसचे पैसे पुढच्या मेपर्यंत साठवावेत. जूनमध्ये सरी सुरू झाल्या की या तालुक्यांत सवलत मिळत नाही.