कणकुंबीच्या माथ्यावर

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने एकटाच सायकलवर निघालो. जांबोटी सोडताच झाडी दाट झाली. चढावर काही ठिकाणी उतरून सायकल ढकलीत नेली. त्यात कमीपणा कसला? पायी चालणाऱ्यालाच ओहोळाचा आवाज ऐकू येतो.

कणकुंबीस माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. सायकल तेथे ठेवून पायवाटेने हिंडलो. ही नदी पूर्वेस वळून कुडलसंगमास कृष्णेला मिळते व बंगालच्या उपसागरास जाते. गावाजवळचा कळसा नाला मात्र म्हादईत, म्हणजेच पुढे मांडवीत, मिसळून पणजीपाशी अरबी समुद्र गाठतो. एकाच गावावरील पावसाची ही वाटणी! कळसाचे पाणी मलप्रभेत वळवावे काय, यावर कर्नाटक व गोवा कित्येक वर्षे भांडत आहेत. २०१८ साली लवादाने या नाल्यातून १.७२ अब्ज घनफूट पाणी कर्नाटकास दिले. तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. हुबळी-धारवाडची तहान खोटी नव्हे, सत्तरीच्या बागाइतदाराची धास्तीही खोटी नव्हे. तो नाला मी चार दगडांवरून ओलांडला.

तिसऱ्या प्रहरी घाट उतरलो. पायडल मारावेच लागले नाही, ब्रेकवरची मूठ मात्र सोडवेना. केरीस अंजुणे धरणाचे पाणी दिसले, तोवर बोटे बधिर झाली होती.