पोवळे आणि साक्षीदार

आमच्या उजव्या हाताच्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी आहे. पत्रिकेतला मंगळ सौम्य व्हावा म्हणून देवळातल्या भटजींच्या सल्ल्याने मातोश्रींनी ती आम्हांस वीस वर्षांपूर्वी घातली. मंगळ सौम्य झाला की नाही, हे आमच्या पक्षकारांनी सांगावे. परंतु गेल्या वैशाखात आमची भाची सुटीसाठी घरी आली आणि तिने या अंगठीचीच उलटतपासणी आरंभली. ती सागरविज्ञानाची विद्यार्थिनी. "मामा, दागिन्यांतलं अस्सल पोवळं भूमध्य समुद्रातलं. भित्ती बांधणारी प्रवाळं ती निराळी," असा तिने निकाल दिला.

ती निराळी प्रवाळे आम्हांस केवळ कायद्याच्या पुस्तकातून ठाऊक होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली त्यांना स्थान मिळाले. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीस बसविले. वास्कोसमोरच्या ग्रांद बेटाभोवती, गढूळ पाण्यात का होईना, हीच प्रवाळे वाढतात, याचा मात्र गोव्यात जन्म काढूनही आम्हांस पत्ता नव्हता.

रात्री जेवणे आटोपली की भाची संगणक उघडून बसे आणि आम्ही, अडकित्ता हातात घेऊन, शेजारी. समुद्राच्या पाण्याचे रसायन मांडणारी एक प्रणाली तिने आम्हांस दाखविली. नाव 'सीओटू-सिस', लुईस आणि वॉलेस या दोघा शास्त्रज्ञांनी ती १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो. त्याची बातमी देणारे साक्षीदार चार: पाण्याची पीएच, एकूण क्षारता, विरघळलेला एकूण कार्बन आणि त्या वायूचा दाब. यांपैकी कोणत्याही दोघांची जबानी घ्या, पाण्याचे तापमान व खारेपणा सांगा. उरलेल्या दोघांनी काय सांगितले असते ते ही प्रणाली गणिताने काढून देते. शिवाय प्रवाळ ज्या चुन्याचा आपला सांगाडा रचते तो चुना घडू देण्यास पाणी किती राजी आहे, हेही एका आकड्यात सांगते. तो आकडा एकाच्या खाली गेला की चुना विरघळू लागतो. पण प्रवाळांची बांधणी त्याच्या कितीतरी आधीच मंदावते. यंत्रयुगापूर्वी सागरपृष्ठाची पीएच ८.२ च्या आसपास होती, आता ती ८.१ च्या घरात आहे. हा फरक आम्हांस क्षुल्लक वाटला. भाचीने समजाविले की हे माप घातांकाचे आहे आणि एवढ्याशा उतारात आम्लता शेकडा पंचवीसहून अधिक वाढते.

धूर दिसला म्हणजे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान आमच्या पूर्वजांनी घासून पुसून लख्ख केलेले आहे. तेव्हा या गणिताने आम्ही दिपलो नाही. आम्हांस मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पीएच आणि वायूचा दाब ही जोडी घेतली तर उत्तर डळमळते. कारण ते दोघे जवळजवळ एकच हकीकत सांगतात. एकाच वाड्यातून शिकवून आणलेल्या दोन साक्षीदारांचे मोल किती, हे आम्हांस कुणी सांगावयास नको! आणि गणिताला लागणारे स्थिरांकही निरनिराळ्या संशोधकांचे निरनिराळे. कोणते घेतले ते नमूद करावे लागते. थोडक्यात, तेथेही नजीर असते.

परंतु खरे काम दुसरेच होते. ग्रांद बेटाजवळ पाण्याखाली घेतलेल्या छायाचित्रांची चळत तिच्यापुढे होती. 'सीपीसीई' ही प्रणाली, फ्लॉरिडातल्या कोहलर आणि गिल यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली, प्रत्येक छायाचित्रावर यदृच्छेने ठिपके टाकते. भाचीने एकेकावर पन्नास घेतले होते. ठिपक्याखाली काय आहे ते मात्र माणसाने सांगावयाचे: जिवंत प्रवाळ, मृत प्रवाळ, शेवाळ, वाळू. शेकडेवारी यंत्र मांडते. मोजपट्टीवर किंवा सावलीवर पडलेला ठिपका हिशेबातून वजा होतो. आता चित्र पाहून स्वतःच नावे घालणाऱ्या प्रणाल्याही आहेत. कॅलिफोर्नियातली 'कोरलनेट' त्यांपैकी एक. तिलाही किती खात्री असेल तरच बोलावयाचे, ही मर्यादा घालून देता येते. भाचीला अजून आपल्या डोळ्यांनी शिकावयाचे होते.

एक रात्र आम्ही तिचे सहायक झालो. एका ठिपक्यापाशी अडलो. करडे काहीतरी, वर गाळ. "जिवंत दिसते," आम्ही म्हणालो. तिने वाकून पाहिले, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सांगता येत नाही. 'अज्ञात' लिहा, मामा."

"बाये, हो किंवा नाही. अज्ञात हे काय उत्तर झाले?"

हे वाक्य तोंडातून गेले मात्र, आणि आम्हांस एक म्हातारा आठवला. बारा वर्षांपूर्वी एका बांधाच्या खटल्यात तो साक्षीला उभा होता. हद्दीचा दगड फणसाच्या अलीकडे होता की पलीकडे, एवढाच प्रश्न. "सायबा, आता सांगता येत नाही," असे तो तीनदा म्हणाला. आम्ही तीनदा त्याला हो किंवा नाही यांच्या खोड्यात अडकविले. चौथ्या खेपेस तो "अलीकडे" म्हणाला, आणि पिंजऱ्यातून उतरताना आमच्याकडे न पाहता गेला. खटला आम्ही जिंकलो. त्या रात्री पक्षकाराने पेढे पाठविले होते. दगड कोठे होता ते आम्हांस आजही ठाऊक नाही. ज्यांची जमीन गेली ते कुटुंब उत्सवात अजून पालखीपाशी भेटते, नमस्कार करते.

भाची चहा करावयास आत गेली. आम्ही एकटेच त्या चित्रासमोर बसलो होतो. खरे सांगावयाचे तर तिच्या पाठीमागे आम्ही त्या ठिपक्यापुढे 'जिवंत प्रवाळ' अशी नोंद करून टाकली होती. शेकड्यात एखाद्या अंशाने काय बिघडते, आणि आपल्या गोव्याच्या समुद्रात तेवढेच जिवंत अधिक, असा काहीसा विचार मनात होता.

आतून कपांचा आवाज आला. आम्ही चष्मा पुसला, चित्र मोठे करून पुन्हा एकवार पाहिले. गाळ आणि करडेपणा यांपलीकडे काही दिसेना. ती कप घेऊन दारात येईतो आम्ही नोंद खोडून तेथे 'अज्ञात' घातले होते.

"किती झाले, मामा?" तिने विचारले.

"एकच," आम्ही म्हणालो.